पॅनेलमागची घाण

"आत कोण बघायला जातंय, बाबा?"

"मी जातो."

"तुम्हाला सोडून सांगा."

"मला सोडायचंच असेल तर ही शेडही सोड."

हे भांडण मी ऐकलं तेव्हा कपडे वाळत घालत होते. माझ्या न्हाणीघराला लागून पत्र्याची शेड आहे. तिच्यात माझा धाकटा भाऊ जुन्या मोटारींची विजेची कामं करायचा, आणि त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, त्याच्या हाताखाली असायचा. पत्रा इतका पातळ की पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे आपण नाक पुसावं. मी काही कान लावून उभी नव्हते. पण पिळायला घेतलेली चादर हातात तशीच ठिबकत राहिली, हेही खरं.

भाच्याचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. "गाडीतलं बटणांचं एक पॅनेल उघडायला तुम्हाला सकाळ जाते," तो म्हणत होता, "बंद करायला दुपार जाते. मधे तीन वेळा हात धुता. गिऱ्हाइकाला बटण दाबल्यावर दिवा लागला पाहिजे, बस्स. मागे काय आहे त्याच्याशी त्याला काय करायचंय?"

"मागेच तर सगळं असतं रे," भाऊ म्हणाला. "पुढे नुसती बटणं."

महिन्याच्या आत भाच्याने मोठ्या रस्त्यावर स्वतःचं दुकान काढलं. दाराला काच, वर दिवे लावलेली पाटी. भावाने त्या दुकानाची पायरी नऊ वर्षं चढली नाही. भाचा मात्र माझ्याकडे मागच्या दाराने येऊन खाऊन जायचा. बाप लेक बोलत नव्हते म्हणून आत्याने उपाशी ठेवावं, असं थोडंच आहे?

भावाला सगळे शीकाका म्हणत. हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलं आणि मग मोठ्यांनीही उचललं. कारण कुठल्याही गाडीचं पॅनेल पुढे ओढलं की तो आधी आरसा घालून मागे बघायचा, आणि पहिला शब्द निघायचा, "शी!" मग दुसरा, त्याहून लांब. त्यावरून मला चुलीजवळ बसून कळायचं की किती बिघडलंय. आखूड 'शी' असेल तर संध्याकाळपर्यंत काम होणार. लांब निघाली तर दोन दिवस जेवणाच्या वेळा चुकणार.

आणि त्याला काय काय सापडायचं! उंदराचं घरटं तर नेहमीचंच, पिल्लांसकट. सडलेलं सफरचंद. दाढीचं ब्लेड. एकदा एका गाडीत कवळी निघाली. ती कुणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही, मालकाचे दात तोंडात शाबूत होते. पण उंदरावर भाऊ रागवत नसे. "तो बिचारा राहायला आला होता," म्हणायचा. त्याला किळस यायची ती माणसांच्या हातची. कुणीतरी तुटकी वायर नुसती पिळून कागदी चिकटपट्टी गुंडाळलेली. स्क्रू हरवला म्हणून खिळा ठोकलेला. वितळलेल्या बटणावर डिंक फासलेला. असलं काही दिसलं की तो नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायचा. माझा साबण असा संपायचा की शेजारणीला वाटे आमच्याकडे लग्नकार्य आहे.

त्याची काम करायची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आधी बॅटरीची तार काढायची. मग पॅनेलवरच्या मुठी. जुन्या गाड्यांत दिव्याची, वायपरची बटणं ओढायची असतात, आणि त्यांच्या मुठीच्या मानेला खाली एक बारीक भोक असतं. त्यात माझं दाभण खुपसलं की मूठ अलगद हातात येते. ठाऊक नसलेला माणूस ती पकडीने ओढतो आणि मोडतो. मुठीमागे एक गोल चकती बसवलेली असते, तिला समोरासमोर दोन खाचा. कुठलाच पाना तिला लागत नाही. लोक स्क्रूड्रायव्हर लावून हातोडी मारतात आणि खाचा खाऊन टाकतात. भावाने माझ्या मांडणीवरचा एक चमचा कापला, कानशीने त्याला दोन दात काढले, आणि जन्मभर तोच वापरला. सहाचे पाच चमचे झाले. पाहुणे आले की मी बिनसाखरेचा चहा घेते असं सांगायची.

पण खरी गोष्ट दोऱ्यांची. जुन्या गाडीत वायरींचे रंग उरतच नाहीत. उष्णतेने सगळ्या उकळलेल्या चहासारख्या दिसतात. म्हणून भाऊ वायर सोडवण्याआधी तिच्या गळ्यात दोरा बांधायचा. मोठ्या दिव्याला तांबडा, छोट्याला पिवळा, वायपरला निळा, काट्यांच्या दिव्याला हिरवा, आणि जिच्यातून वीज येते तिला पांढरा. दोरे माझ्या शिवणाच्या डब्यातले. काम झालं की एकेक सोडवून मला मोजून परत. "पाच नेले, पाच आणले, ताई." एक जरी कमी भरला तरी पॅनेल परत उघडायचा. सुती दोरा तापलेल्या वायरीजवळ राहिला तर धुमसतो, आणि धुमसतंय हे गाडीत बसलेल्याला कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

भाचा हे सगळं शिकून गेला होता. जाताना डब्यातलं एक रीळ मी त्याला गुपचूप दिलं होतं. जांभळं. पडद्यांसाठी मी ते निळं समजून आणलं होतं, दुकानातल्या उजेडात तसंच दिसलं. घरी आल्यावर काही उपयोगाचं नव्हतं. "आत्या, वायपरला चालेल," तो म्हणाला. मी म्हटलं, ने बाबा.

भाच्याच्या दुकानाला नऊ वर्षं झाल्यावर एका सोमवारी नर्सबाई आल्या. त्या निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली, पण निम्मा गाव त्यांच्या हातावर जन्मलेला, त्यामुळे रस्त्यात अजून सगळे वाट देतात. गाडी स्वतः चालवायच्या. जुनी, राखाडी, कडेला घुबडाच्या डोळ्यांसारखे गोल दिवे.

"काका, वायपर चालू केला की दिवे जातात," त्या म्हणाल्या. "आणि केस जळल्यासारखा वास येतो. माझे नाहीत, माझे आहेतच कुठे."

"याआधी कुणी हात लावलाय?"

"मी आजारी होते तेव्हा वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने नेऊन आणली कुठूनतरी. तो बदली होऊन गेला. शुक्रवारी मला डोंगरावरून बहिणीला आणायचंय हो. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. उतरताना संध्याकाळ होणार, आणि वर या दिवसांत धुकं असतं."

भावाने मान डोलावली. शुक्रवारपर्यंत देतो म्हणाला. तो असं चटकन कुणाला सांगत नसे. पण धुकं, उतार, सत्तरी ओलांडलेल्या दोघी बहिणी आणि त्यातली एक डोळ्याला पट्टी बांधलेली, म्हटल्यावर करतो काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले तेव्हा पॅनेल पुढे आलेलं होतं. भाऊ आरसा धरून बसला होता. मी वाट बघत राहिले. त्याच्या तोंडून 'शी' निघालीच नाही.

"काय रे, उंदीर?"

"उंदीर असता तर बरं होतं."

मी टॉर्च धरला. आत बघितलं आणि चहाचा कप खाली ठेवला, प्यावासा वाटेना. फ्यूज उडालेला, आणि त्याच्याभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. एवढं मला भावामुळे कळतं की फ्यूज हा गाडीचा राखणदार. काही जास्त झालं की तो आधी जळतो आणि बाकी सगळं वाचवतो. त्याला चांदी गुंडाळली की तो जळायचंच विसरतो, मग जळते ती गाडी. दिव्याच्या बटणातली वीज जोडणारी पितळी जीभ मोडलेली होती. तिला धरून ठेवायला एक गुलाबी गोळा चिकटवला होता. भावाने चिमट्याने तो काढला. च्युइंगगम. त्यावर दाढांचे ठसे स्पष्ट.

चघळलेली वस्तू, तीही कुणाच्या बटणामागे! तोंडातून काढून तिथे लावताना त्या माणसाचा हात कसा धजला असेल?

मग भावाने वायपरची वायर बाहेर ओढली. तिच्या गळ्यात दोरा होता. निम्मा जळालेला, पण गाठ तशीच, दोन वेढे आणि खालून फास. ती गाठ आमच्या घराबाहेर मी कुठे बघितलेली नाही.

भावाने तो दोरा उजेडात धरला. मग म्हणाला, "ताई, हा निळाच ना?"

त्याला जांभळ्या रिळाचं माहीत होतं की नाही, मला आजवर सांगता येत नाही. मी म्हटलं, "निळाच. धुराने काळवंडलाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. "खरं सांग."

"जांभळा," मी म्हटलं.

तो उठला आणि नळाखाली हात धरून उभा राहिला. पाणी वाहत होतं, साबण लावायचं भानही नाही.

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. मी त्याच्या मागे जाऊन म्हटलं, "तू नीट करून दे आणि गप्प बस. बाईंना ठाऊक नाही, भाडेकरू गेला. घरातलं घरात राहू दे." त्या दिवशी मला त्या चघळलेल्या गोळ्याची जेवढी किळस आली, तेवढीच आज माझ्या त्या बोलण्याची येते. मीही गोळाच चिकटवायला निघाले होते की.

भाऊ म्हणाला, "त्याला बोलाव."

भाचा दुपारी आला. नऊ वर्षांनी शेडमध्ये पाय ठेवला तर समोर स्टीलच्या ताटलीत हा सगळा नैवेद्य मांडलेला. त्याने लगेच ओळखलं. ओळखलं नाही असं नाटक त्याने केलं नाही, तेवढं त्याच्या बाजूने लिहिते.

"त्या गाडीचं बटण कुठे मिळत नाही, बाबा."

"मग मिळत नाही म्हणायचं."

"तो माणूस दारात उभा होता. म्हणाला, आजच्या आज पाहिजे. मी म्हटलं, तात्पुरतं करतो, नंतर आणा. आणलीच नाही त्याने."

"तात्पुरतं," भाऊ म्हणाला. "कुणाच्या दाढांचे ठसे आहेत हे?"

भाचा दाराकडे सरकला.

"शुक्रवारी बाई येतील. तू इथे थांबायचं आणि तुझ्या तोंडाने सांगायचं."

"अख्ख्या गावाला कळेल. दुकान बसेल माझं. दोन पोरं आहेत मला, बाबा! आत्या, तू तरी सांग ना!"

मी पदराशी खेळत उभी राहिले. भावाने फक्त एवढंच म्हटलं, "डोंगरावर धुक्यात त्यांचे दिवे गेले असते तर मग तू काय तात्पुरतं केलं असतंस?"

भाचा ताटलीकडे न बघता निघून गेला. जाताना दार आपटलं. पत्रा संध्याकाळपर्यंत थरथरतोय असं मला वाटत राहिलं.

बुधवार गुरुवार भाऊ त्या एका पॅनेलला चिकटून होता. पितळेच्या पट्टीतून नवी जीभ कापली, दगडावर घासून तिला बाक दिला. जीभ जिथे टेकते ते काळे पडलेले भाग बारीक पॉलिश पेपरने चकचकीत केले. स्प्रिंग रॉकेलमध्ये धुतली. जळकी वायर पार मुळापर्यंत बदलली. जेवायला बोलावलं की यायचा, ताटावर बसायचा, आणि दोन घास खाऊन उठायचा. "तोंडात तेच येतंय," म्हणायचा. मी समजले.

शुक्रवारी नर्सबाई आल्या. भाचा आला नाही. भावाने आधी गाडी दाखवली. दिवे, वायपर, दोन्ही एकदम, तीनदा. बाई खूश झाल्या. मग त्याने ताटली पुढे केली.

"हे तुमच्या गाडीत होतं. माझ्या मुलाने केलेलं आहे."

बाईंनी चष्मा वर केला, वाकून बघितलं. त्यांनी आयुष्यभर काय काय बघितलं असेल, पण त्याही मागे सरकल्या. "ई, चघळलेलं आहे हो!" मग सरळ झाल्या आणि भावाकडे बघून एकच विचारलं.

"काका, अशा आणखी किती?"

याचा विचार आम्हा दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. आम्ही आपले आमच्या अब्रूत गुंतलेले. बाई बहिणीला आणायला गेल्या, आणि भाऊ पायात चपला घालून मोठ्या रस्त्याकडे निघाला.

दुकानात काय झालं ते मला भाचेसुनेने सांगितलं. बापाने आत जाताना पाटी बघितली नाही, काचेचं दार बघितलं नाही. म्हणाला, "जुन्या गाड्या किती उघडल्यास? नावं दे." भाचा ओरडला, "मला गावभर नागडं करणार तुम्ही!" बाप म्हणाला, "हात मी शिकवले तुला. नागडा झालो तर आधी मी होईन." त्यावर भाच्याने बल्बच्या खोक्याचं झाकण फाडलं, त्यावर अकरा नावं लिहिली आणि बापाच्या अंगावर टाकल्यासारखं दिलं.

तिसऱ्या दिवशी तो स्वतः माझ्या मागच्या दारी आला. खायला काही मागितलं नाही. खिशातून चिठ्ठी काढून म्हणाला, "आत्या, बाबांना दे. तीन राहिली होती." नऊ वर्षांत त्या पोराचा मला त्या क्षणी जेवढा विश्वास वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

असे चौदा. भाऊ तेव्हा अडुसष्ट वर्षांचा. आठवड्याला एक गाडी धरली. सकाळी नऊला पिशवी खांद्याला, पिशवीत दाभण, चमचा, आरसा, पाच दोरे. लोकांच्या दारात जाऊन सांगायचा, "माझ्या मुलाने तुमचं पॅनेल उघडलं होतं. मला परत बघायचंय." कुणी आत घेतलं. कुणी दारातच ऐकवलं. एका वकिलाने त्याला उन्हात तासभर उभं केलं आणि नोकराला सांगितलं, लक्ष ठेव, काही उचलेल. आमच्याच चुलतघराण्यातले लोक माझ्याकडे येऊन म्हणाले, "वेड लागलंय का तुझ्या भावाला? स्वतःच्या पोराची घाण घरोघर दाखवत फिरतोय!" मी म्हटलं, "दाखवत नाही, काढतोय. तुमच्या गाडीची पाळी नवव्या आठवड्यात आहे." त्यांनी चहा अर्धा सोडला.

आणि घाण निघत होती. चांदी चार गाड्यांत. एका गाडीत वायर जोडायला केसांची पिन. एकात पूर्ण पॅनेल डिंकाने चिकटवलेलं, ते सोडवताना लाकडाचा टवका उडाला आणि मालकाने भावाच्या आईबापाचा उद्धार केला. दर वेळी भाऊ घरी आला की मोरीत बसून हात घासायचा आणि मला सगळं सांगायचा, आणि मी नको नको म्हणत सगळं ऐकायची.

सातव्या गाडीच्या दिवशी मात्र तो आला आणि थेट ताटावर बसला. दोनदा वाढून घेतलं. मी म्हटलं, "आज हात धुतले नाहीस?"

"धुवायची गरज पडली नाही," तो म्हणाला. "स्वच्छ होती. एकूण एक दोरा काढलेला. जीभ नवीन बसवलेली, माझ्यापेक्षा चांगली." मग पाणी प्यायला. "येतं त्याला, ताई. येत नसतं तर एवढा राग नसता आला."

चौदावी गाडी भाच्याने स्वतः उघडली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. तेराव्या गाडीनंतर पाच दिवसांनी भाऊ झोपेत गेला. तेरावी गाडी घड्याळदुरुस्तीवाल्याची होती, आणि भाऊ गेल्यावर घड्याळवाला मला भेटायला आला तेव्हा त्याने तिची हकिगत सांगितली.

भाऊ नऊला पोहोचला. घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावूनच दार उघडलं. "मला सांगायला नको," तो म्हणाला, "मागे काय असतं ते मला ठाऊक आहे. या." दोघांचं जमलं. भावाने बॅटरीची तार काढली, मुठी काढल्या, चकत्या फिरवल्या, पॅनेल पुढे घेतलं. आत चांदी होती. ती काढून त्याने घड्याळवाल्याच्या तळहातावर ठेवली. नवा फ्यूज बसवला, दोन सैल टोकं आवळली. घड्याळवाल्याने चहा विचारला तर म्हणाला, हात घाण आहेत, नंतर. पॅनेल, मुठी बसवून, बॅटरीची तार परत जोडून त्याने दिव्याची मूठ ओढली आणि पुढे जाऊन दोन्ही दिव्यांसमोर आळीपाळीने तळहात धरला, कारण उन्हात नुसतं बघून कळत नाही. मग तांब्याभर पाणी मागून काचेवर ओतलं. कोरड्या काचेवर वायपर चालवला तर रबर जातं. वायपर चारदा इकडून तिकडे फिरला.

"फ्यूज उडाला तर उडू द्या," त्याने सांगितलं. "गुंडाळू नका. मला बोलवा."

हात धुतले, चहा घेतला, पायरीवर दोन मिनिटं बसला, आणि पिशवी खांद्याला लावून चालत घरी आला.